पाठमोरं कव्हर

१० नोव्हेंबर २०२४, रविवार. कमलनगर

आले बाई एकदाची! उदगीरहून जीपमध्ये एका मांडीवर पिशवी न् दुसऱ्या मांडीवर शेजारणीचा कोंबडा, अशी आले. पण खोली बघितली न् सगळा शीण पळाला. उद्यापासून इथल्या मराठी शाळेत चित्रकलेची मास्तरीण म्हणून रुजू व्हायचं. आमचे मालक बुद्धरत्न नोकरीपायी उदगीरलाच राहणार. आमची आमू, म्हणजे आम्रपाली, सहा वर्षांची, येत्या चोवीस तारखेला कायमची माझ्याकडं येणार. तोवर खोली लावून ठेवायची.

घरमालकीण सत्यभामाबाई. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते, मीही म्हणायला लागले. त्यांचे मालक रामकिशन लग्नाकार्यात स्पीकर लावायचे. ते गेले, स्पीकर भंगारात गेले, तव्यासारख्या मोठ्या रेकॉर्डी नातवंडांनी फोडल्या. कव्हरं तेवढी अक्कांनी जपली, न् ती सगळी माझ्याच खोलीतल्या फळीवर! आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. देव मी मानत न्हाई, पण म्हण झकास आहे.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

शाळा बरी आहे. पोरं द्वाड आहेत, म्हणजे चित्रं चांगली काढणार.

अक्का सकाळीच हुलसूरला बहिणीकडं गेल्या, आठवडाभरानं येणार. मी दुपारभर कव्हरं पुसत बसले. काय एकेक हात होते त्या माणसांचे! एका कव्वालीच्या कव्हरावर हिरव्या शालीतला गवई आहे. छापताना लाल रंग केसभर सरकलाय, त्यामुळं ओठ एकीकडं न् ओठांची लाली एकीकडं. एवढं हसू आलं मला! पण त्या चुकीनंच तो आत्ता गाऊन थांबल्यासारखा वाटतो. अक्षरंसुद्धा हातानं काढलेली, एकाचा काना दुसऱ्यापेक्षा मोठा. आणि सगळ्या पुठ्ठ्यांवर आतल्या रेकॉर्डीचा गोल ठसा उठलाय, ताट ठेवून उचलल्यासारखा.

एक कव्हर मात्र भिंतीकडं तोंड करून ठेवलं होतं. उलटलं न् बघतच राहिले. वर लिहिलंय ‘जात्यावरच्या ओव्या – बायनाबाई संतपूरकर’, खाली कोपऱ्यात चित्रकाराची सही, काशप्पा. जात्यावर बसलेली बाई, पूर्ण पाठमोरी. हिरवं लुगडं, अंबाड्यात एक शेवंतीचं फूल. पाठीची वळणरेघ ब्रशच्या एकाच फटक्यात ओढलीय. तोंड न दाखवता बाई उभी करायची म्हणजे खायचं काम न्हाई! मी ते समोरच्या भिंतीला खिळ्यावर लावून टाकलं.

आमूच्या फोटोला पिशवीत बाक आला होता. शाळेच्या गणवेशातला, लाल रिबिनीच्या दोन वेण्यांचा. तो याच रिकाम्या कव्हरात सरकवला. फ्रेम आणेपर्यंत सरळ होईल.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

एक गंमत लिहून ठेवते. परवा पोरांना दाखवायला त्या पाठमोऱ्या बाईची नक्कल केली होती. आज कव्हराशेजारी धरून बघितली, तर कव्हरावर बाईचा डावा कान दिसतो, कानात कुडी. माझ्या चित्रात कान न्हाईच. आता मी कान विसरेन? मी? पोरांच्या वहीत कान राहिला तर मी वही परत देते!

उन्हातून आल्यावर डोळे दगा देतात म्हणायचं.

१७ नोव्हेंबर, रविवार

सकाळी व्हिडिओ कॉल केला. आमू फोनकडं पाठ करून बसली. किती हाका मारल्या, वळली न्हाई. बुद्धरत्न म्हणाले, शुक्रवारपासून हेच चाललंय, जेवतेसुद्धा भिंतीकडं तोंड करून. तुझ्यावर रुसलीय म्हणून हसले. मीपण हसले.

फोन ठेवला न् भिंतीकडं बघितलं. बाईचा गाल दिसतोय. शुक्रवारी कान होता, आज गाल आहे. गोरापान, भरलेला, लहान पोरीचा असतो तसा.

आमच्या घरात भूतखेत, अंगात येणं, काही चालत न्हाई. माझ्या बापानं उभ्या जन्मात लिंबू उतरवला न्हाई. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय, उद्या वाचून धीर यावा म्हणून.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

भुवई दिसायलीय. भुवईवर आडवी खूण आहे. आमू उंबऱ्यावर पडली होती तेव्हा पडलेली, तीच.

फोटो बाहेर काढला. फोटोत आमूची पाठ. दोन वेण्या, लाल रिबिनी न् गालाची एवढीशी कड. मी हा फोटो स्वतः काढून घेतला होता, ती समोर बघून हसत होती.

अक्का दुपारी हुलसूरहून आल्या. भिंत बघितली न् दारातच बसल्या. म्हणाल्या, कामून लावलंस गं हे, न् त्याच्या आत काय ठेवलंस ते सांग आधी. मी फोटो दाखवला. त्यांनी तोंडावर पदर घेतला.

मग सगळं सांगितलं. बायनाबाईचा आवाज रेकॉर्ड झाला, पण कव्हर व्हायच्या आधीच ती तापानं गेली. जन्मात तिचा एक फोटो निघाला न्हव्हता. काशप्पानं तिचं तोंड नीट बघितलेलं न्हाई, म्हणून त्यानं पाठमोरी काढली. तवापासून ती तोंड शोधायलीय, अक्का म्हणाल्या. पुढं रामकिशननं पुतणीचा, हेमावतीचा फोटो असाच आत ठेवला. हेमावतीनं लग्नात नवऱ्याकडंसुद्धा तोंड केलं न्हाई, न् वर्षात गेली. ती गेली तशी कव्हरावरची बाई पुन्हा पाठमोरी झाली. हेमावती असताना अक्का एकदाच तिच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. काय दिसलं ते मात्र सांगेनात. नुसता आपल्या तोंडावरून हात फिरवला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, पाटी पुसावी तसा.

२० नोव्हेंबर, बुधवार

फोटो बाहेर काढून काही उपयोग न्हाई. बाई वळायचीच थांबेना. आज नाक दिसलं.

जाळते म्हणाले तर अक्कांनी हात धरला. पोरीचं तोंड त्यात आहे, जाळशील तर तेच जाळशील. मग मी काय करू, म्हणून ओरडले त्यांच्यावर. बिचाऱ्या म्हणाल्या, एकीचं सोडवायचं तर दुसरीचं द्यावं लागतं, तेपण ती पुरी समोर वळायच्या आत. हेमावतीची आई द्यायला तयार होती, तिला उशीर झाला.

बुद्धरत्नांनी आमूला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणे सगळं ठीक आहे, पोरगी आईवाचून झुरतेय, लवकर आईकडं पोचवा. मी रडून सांगितलं, आणू नका. ते म्हणाले, तुला ताप आलाय का.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

दोन्ही डोळे दिसायलेत. आमूचे डोळे. बाईच्या अंगावर माझ्या लेकरासारखं तोंड, न् ते माझ्याकडं बघायलंय – ओळख न्हाई त्यात – थोडंसंच वळायचं राहिलंय –

भीती वाटतेय. पण विचार कशाचा करायचा? शाळेत रुजू व्हायला काढलेला माझा फोटो होता. तो आत सरकवला. अक्का बाहेर होत्या. त्यांना विचारलं न्हाई.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

फोन आला! आमू वळली! सकाळी उठून बापाकडं बघून हसली, पोहे मागितले, वर जास्तीचे दाणे. व्हिडिओवर मला म्हणाली, आई, तू दिसंनास, फोन नीट धर की.

नीटच धरला होता.

तिचा फोटो बघितला. समोर बघून हसतेय माझी बाय. भुवईवर खूण आहे. मी मुके घेतले फोटोचे. रडले पोटभर.

भिंतीवरची बाई पुन्हा पाठमोरी झालीय. नुसता कान दिसतो. कान माझा आहे.

२३ नोव्हेंबर, शनिवार

शाळेत सगळा वेळ फळ्याकडं तोंड. चित्रकलेची बाई, कुणाला नवल वाटलं न्हाई. वळायला गेले – मान वळेना. अंगच वळेना माणसांकडं.

अक्कांनी भाकरी आणली. पाठीमागं हात करून घेतली. त्यांच्या हातातला तांब्या पडला. काय केलंस गं माय, काय केलंस, म्हणून रडायल्या. माझ्या समोर यायला निघाल्या, मधेच थांबल्या. एकदा बघितलंय त्यांनी.

तोंडाला हात लावायचं धाडस होईना.

बुद्धरत्नांना सांगितलं, येऊ नका. सांगितलं, वारंवार सांगितलं. ते म्हणतात पोरगी ऐकत न्हाई, आईचं तोंड बघायचंय म्हणते –

२४ नोव्हेंबर, रविवार

भिंतीकडं तोंड करून बसलेय. वही गुडघ्यावर. कव्हर अक्कांनी पाठीमागूनच माझ्यापुढं सरकवलं, मीच मागितलं. ती पुरी वळली. मी आहे ती. कव्हरावर मी हसायलेय, छान हसायलेय. काशप्पाला जमलं न्हाई ते –

बरं झालं. आमूचं तर सुटलं. बरंच झालं.

जीप थांबली. बुद्धरत्नांचा आवाज. अक्का त्यांना दारातच अडवायल्यात, बाईंना बरं न्हाई म्हणायल्यात –

पावलं. आमूचीच. पैंजण घालून आलीय.

आई म्हणून हाक मारली. आई, वळ की. मी वळेना. म्हटलं, बापाकडं जा. बाहेर जा. जा म्हटलं ना! रागवले मी तिला, कधी न्हाई ते रागवले –

हसायलीय. खेळ वाटतोय तिला. पाठीवर हात ठेवलाय – गरम हात – म्हणते, थांब, मीच पुढं येते –

आमू, नको. डोळे मीट. पुढं येऊ नकोस, बाळा, डोळे मी