साठापैकी चौदा

ती. दीनानाथकाकांना,

सुचेताचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आणि काकूचं बीपी, दोन्ही सध्या शांत असतील अशी आशा आहे. फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोन केला की काकू स्पीकर लावते आणि आपलं बोलणं मिरजेच्या चौकापर्यंत पोचतं. हे प्रकरण तसं चौकात नेण्यासारखं नाही. (अभिरामलाही सांगितलेलं नाही. तो नवरा असला तरी इंजिनिअर आहे, लगेच कारणमीमांसा करतो.)

इथे अ‍ॅमस्टरडॅमजवळ, उइटहॉर्नला, आमच्या शेजारी फिसरबाई राहतात. वय चौऱ्याऐंशी. गेल्या महिन्यात सायकलवरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. (या वयात सायकल कशाला, असं इथे कुणी विचारत नाही. सायकलला काही झालं नाही ना, हे मात्र तिघांनी विचारलं.) पुनर्वसन केंद्रात जाताना त्यांनी घराची किल्ली, दोन कुंड्या आणि एक चित्र माझ्या हवाली केलं. चित्र त्यांच्या दिवंगत नवऱ्याने, हेंकने, छापलेलं. जुन्या थोर चित्रकारांच्या तैलचित्रांच्या रंगीत प्रती काढणं हे त्याचं आयुष्यभराचं काम. तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड भुरभुरायची, पत्रा तापवायचा, आम्लात बुडवायचा, आणि प्रत्येक रंगाला पत्रा वेगळा. या प्रकाराला अ‍ॅक्वाटिंट म्हणतात. लिंबू सोलणारी बाई आहे चित्रात, आणि सालीवरचा उजेड असा उतरलाय की तुम्ही चष्मा पुसून पुन्हा बघाल. बाकीच्या सगळ्या प्रती विकल्या गेल्या, ही एकच उरली, असं फिसरबाईंनी सांगितलं.

मग दिवाळीची साफसफाई आली. काचेच्या आत एक चिलट मरून पडलेलं, म्हणून मी चौकट उघडली. नावात अ‍ॅक्वा आहे म्हणजे पाण्याशी संबंध असणार, तेव्हा ओलं फडकं लावायचं नाही एवढी अक्कल मी वापरली. पण चित्राच्या खाली पेन्सिलीने लिहिलं होतं १४/६०, आणि पुढे एक गिचमीड. काका, यात दोष तुमचाही आहे. शाळेत चित्रकलेच्या तासाला तुम्ही आमच्या चित्रांखाली पेन्सिलीनेच गुण द्यायचात, तेही हात आखडून. जन्मात कुणाला पैकीच्या पैकी दिले नाहीत. मला वाटलं, इथेही कुणी परीक्षक बसला असणार. एवढ्या कष्टाच्या कामाला साठापैकी चौदा? मला हेंकची दया आली आणि मी खोडरबर घेतला. गुण खोडले, गिचमीडही खोडली, आणि वर तुम्ही शिकवलंत तसा भुगा फुंकरीने उडवला.

जुई म्हणून एक मुलगी आहे, अ‍ॅमस्टरडॅमला छापचित्रांवर संशोधन करते. ती फराळाला आली आणि चकली हातात धरून म्हणाली, "मावशी, याच्यावर सही कशी नाही?" मग कळलं की चौदा म्हणजे साठ प्रतींमधली चौदावी, आणि ती गिचमीड म्हणजे सही. मी चकली पुढे केली आणि विषय बदलला. पण काका, एका म्हातारीपाशी तिच्या नवऱ्याचं अक्षर उरलं होतं, ते मी स्वच्छतेच्या नावाखाली पुसलं.

तुमची,
सुचेता

ता. क. १: आता खरं काम. नववीत गणितात मला अकरा गुण पडले तेव्हा प्रगतिपुस्तकावर बाबांची सही तुम्ही केली होतीत, आणि ती खोटी आहे हे बाबांनाही ओळखता आलं नव्हतं. हेंकच्या एका जुन्या शुभेच्छापत्राचा फोटो सोबत जोडला आहे. सही गिरवून ठेवा. बाई महिन्याभराने येतील, तोवर चित्र तुमच्याकडे पाठवते.

ता. क. २: पाकिटाला तिकीट लावायच्या आतच फिसरबाई काठी टेकत दारात हजर झाल्या. मला रडू आवरेना, मी गुणांपासून खोडरबरापर्यंत सगळं सांगून टाकलं. त्यावर त्या म्हणाल्या की हेंकला सह्या करायचा भारी कंटाळा, साठच्या साठ सह्या त्यांनीच स्वयंपाकघरात बसून केल्या होत्या. शुभेच्छापत्रांवरच्यासुद्धा. तेव्हा काका, तुमची गरज उरली नाही.

ता. क. ३: त्यांनी माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि पुन्हा हेंकची सही केली. कितवी प्रत होती, असं विचारलं. मी म्हटलं चौदावी. त्यांनी एकदा चित्राकडे बघितलं आणि लिहिलं, ६०/६०.