खांदमळण झालेला बंपर

परभणी,
बुधवार, दुपार

प्रिय परमेश्वर,

तुझी गाडी झाली. एवढं फोनवरही सांगता आलं असतं. तू ड्युटीवर जाताना आणि येताना "झाली का गं?" म्हणून विचारतोसच, तेव्हा "झाली" म्हणून मोकळी झाले असते. पण मला आणखी बरंच सांगायचं आहे, आणि फोनवर तू मधेमधे बोलतोस. पूर्णेच्या शाळेत माझे निबंध वर्गात सगळ्यांत लांब असायचे आणि मी ते वाचून दाखवताना तू मागच्या बाकावर जांभया द्यायचास, हे मी विसरलेले नाही. आजही खुशाल जांभया दे, पण शेवटपर्यंत वाच.

आधी तुझ्या प्रश्नाचं. तू मला लग्नाचं विचारलंस ते तुझ्या गाडीचा पुढचा बंपर दोन्ही हातांनी धरून. मी खालून स्क्रू सोडवत होते, बंपर पडू नये म्हणून तू तो पोटाशी धरला होतास, आणि तशातच म्हणालास, "भक्ती, तू हो म्हन न्हाईतर न्हाई म्हन, पर एकदाचं म्हन." मी म्हणाले, आधी गाडी नीट होऊ दे, मग बोलू. तुला वाटलं मी टाळतेय, आणि तू तोंड एवढंसं करून गेलास. टाळत नव्हते रे. ज्या कामात माझा हात बसलेला आहे तेच काम त्या वेळी फसत होतं. फसलेल्या कामासमोर उभं राहून आयुष्याचं काही ठरवायचं नाही, असं मला वाटलं.

आणि दुसरंही एक होतं. लातूरला माझं लग्न मोडलं हे तुला ठाऊक आहे, कशावरून मोडलं ते मी कधी धड सांगितलं नाही. थिनरच्या वासावरून मोडलं. मी तिकडं एका शेडमध्ये गाड्या रंगवायला जायचे. घरी आले की सासूबाई नाकाला पदर लावायच्या. माझ्या हाताची पोळी घरात कोणी खायचं नाही, वास येतो म्हणून. नवरा एक दिवस म्हणाला, एक तर हे काम, नाहीतर घर. मी काम म्हणाले आणि परभणीला बाबांच्या शेडमध्ये परत आले. त्याचा मला पस्तावा नाही, तेव्हाही नव्हता. पण पुन्हा कुणाच्या घरात जायचं, तर त्या घरातली बाई माझ्या हातांकडे कशी बघते ते मला आधी बघायचं होतं. तू मला पसंत आहेस की नाही हा सवालच नव्हता. माझा सवाल तुझ्या आईबद्दल होता, आणि तो तुला विचारून उपयोग नव्हता. तू त्यांचा मुलगा आहेस, तू चांगलंच सांगितलं असतंस.

आता गाडीचं. गेल्या दिवाळीला तू ही जुनी गाडी घेतलीस, आईंना गुडघ्यांमुळं एसटीच्या पायऱ्या चढवेनात म्हणून. रंग छान, ताज्या जांभळ्या वांग्यासारखा. पण मॉडेल सगळ्यांत खालचं, त्यामुळं आरसे, हँडल, दोन्ही बंपर आणि चाकांवरच्या कमानी, सगळं काळं प्लास्टिक. पालमच्या लग्नात तुझ्या कुठल्याशा पाहुण्यानं आईंसमोर म्हटलं, "गरिबाचं मॉडेल दिसायलंय." तुला ते झोंबलं आणि तू माझ्या दारात आलास, की हे सगळं काळं गाडीच्या रंगात करून दे. मी तुला परत पाठवायला बघितलं. काळ्यावर धूळ दिसत नाही, ओरखडा दिसत नाही, कशाला खर्चात पडतोस म्हणाले. तू ऐकायला तयार नव्हतास. मला तेव्हाच जरासा संशय आला होता की सगळं एकदम करून घ्यायचं सोडून हा माणूस आज आरसे, पुढच्या महिन्यात हँडल असं हप्त्याहप्त्यानं का करतोय.

आरसे आणि हँडल झकास झाली. तू सगळ्या पूर्णा स्टेशनला दाखवत फिरलास. मग पोळा झाला आणि तू बंपर आणि कमानींसाठी गाडी घेऊन आलास, आणि तिथून माझे ग्रह फिरले. कमानी मागं ठेवून पहिल्या वेळी नुसत्या बंपरला रंग मारला आणि बघता बघता बंपरभर बारीक खड्डे पडले. रंग जागच्या जागी फाकत होता, खालचं प्लास्टिक त्याला अंगाला लागू देत नव्हतं. मी कॉम्प्रेसरला दोष दिला, हवेतून तेल येत असेल म्हणून फिल्टर बदलला, सगळं खरवडून पुन्हा केलं. दुसऱ्या वेळी अगदी गुळगुळीत बसलं. तू घेऊन गेलास आणि थोड्याच दिवसांत परत आलास, कडेला पापुद्रे सुटलेले. नखानं ओढलं तर कांद्याचं साल निघावं तसा रंग निघून आला. शेजारच्या गॅरेजवाल्यांना विषयच मिळाला. बाईच्या हातचा रंग आहे, नाजूकच असणार, असं मला ऐकू जाईल इतक्या जोरात बोलणं चाललं होतं. त्यांच्याच गाड्या मी निस्तरते, तरीही. मला लय राग आला. जेवण जाईना.

आमचे आश्रुबाकाका तुला माहीत आहेत, बाबांच्या वेळेपासूनचे डेंटर. पत्रा ठोकता ठोकता म्हणाले, "तू उगं डोकं पिकवायलीस. ते पोरगंच रंग उचकटत असंल. गाडी बरी झाली तर त्याला हितं यायला निमित्त कुठंय?" मी त्यांच्यावर ओरडले. पण खोटं कशाला सांगू, संशय मलाही आला. तू विचारलंस आणि बंपर इथं ठेवून बिनबंपरची गाडी घेऊन गेलास, त्यानंतर मी बंपर गरम हवेच्या गनखाली धरला. प्लास्टिकच्या खरबरीत दाण्यांतून घाम फुटल्यासारखं काहीतरी पिवळट वर आलं. वास घेतला. करडईचं तेल. आपल्याकडच्या माणसाला तो वास काय सांगावा लागतो? आणि सांध्यात, जिथं कापड पोचत नाही तिथं, हळद. बंपरला हळद कोण लावतं, परमेश्वर? गाडीची पूजा करताना लोक बॉनेटवर कुंकवाचं बोट लावतात. हे चोळलेलं होतं, जीव लावून, आत मुरेपर्यंत. करडईचं तेल वाळलं की चिकट थर धरतं, तो नुसत्या पुसण्यानं जात नाही. माझा रंग त्या थरावर बसला होता आणि त्याच्याबरोबरच सुटत होता. माझा हात चुकलेला नव्हता, हे कळल्यावर मी आधी पोटभर जेवले.

मग मी चुडाव्याला गेले. हो, तुझ्या घरी, तुला न सांगता. पॅसेंजर पूर्णेला थांबली तेव्हा तू फलाटावर हिरवा झेंडा बगलेत धरून कुणाशी तरी हसत होतास, मी खिडकीत ओढणी तोंडावर घेऊन बसले होते. तुझ्या दारात पोचले तर आई गाडीच्या पुढच्या चाकाशी पाट टाकून बसलेल्या, शेजारी वाटी, हातात फडकं, आणि चाकावरच्या काळ्या कमानीला तेल-हळद चोळणं चाललेलं. गाडी अशी गप उभी होती की आता मान हलवेल असं वाटावं. मी कोण ते सांगितलं. "रंगवाली व्हय? बस की," म्हणाल्या, हात काही थांबवला नाही. मी विचारलं, हे काय करताय? तर म्हणाल्या, "बैलं इकली तवापासून पोळ्याच्या आदल्या दिशी हात नुसते मोकळे. खांदमळण कुनाची करावी? तेल-हळदीनं मळायला घरात खांदाच न्हाई. म्हून औंदा हिचीच केली. वज्जं तर हीच वढती. अन् ही काळी जागा लय कोरडी पडली व्हती गं. आता दर अमावास्येला करते."

मी भांडायलाच गेले होते आणि भांडले. तुमच्या तेलानं माझा रंग धरत नाही, दोनदा काम वाया गेलं, बाजारात माझी इज्जत गेली, सगळं एका दमात बोलले. बोलताना मला कळत होतं की आता हिच्या तोंडून काय येणार. गाडी आमची, आम्ही काहीही करू. नाहीतर, बाईमाणसानं असली कामं करूच कशाला? मी त्यासाठी कंबर कसून उभी होते. आईंनी फडकं खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "मला काय ठावं गं बाई. मग कुठं चोळू, ते तू सांग."

 मी गाडीचं दार उघडलं आणि बिजागऱ्या दाखवल्या. इथं घाला, इथं तेल लागतंच. त्यांनी बोटानं तेल घातलं, दार मागंपुढं केलं, कुरकुर थांबली, आणि त्या लहान पोरीसारख्या हसल्या. तुझ्या गाडीची चारी दारं आता आवाज करत नाहीत, ते तुझ्या लक्षात आलं होतं का? नसेलच आलं.

निघताना त्यांनी माझा हात धरला. माझे तळवे तू बघितलेत, थिनरनं भेगाळलेले. त्यांनी ते नाकाशी नेले. मी हात मागं ओढला, सवयीनं. तर म्हणाल्या, "वासाला काय झालं? आमच्या मालकाच्या अंगाला फवारनीचा वास यायचा, त्याच हातानं भाकर मोडून मला द्यायचे." आणि वाटीतलं उरलेलं तेल-हळद माझ्या तळव्यांना चोळलं, मग मनगटाला, मग बाही वर सारून दंडापर्यंत. चोळता चोळता तोंडातून निघून गेलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." बैलांना म्हणतात ते. म्हणून झाल्यावर स्वतःच ओशाळल्या, सवय हाय गं, म्हणाल्या. मी त्यांच्या अंगणात उभी राहून रडले. लातूरहून आले तेव्हासुद्धा मी रडले नव्हते. तुला यातलं काही सांगायचं नाही असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं, आणि त्यांनी शब्द पाळला हे तुझ्या फोनवरून कळतंच आहे.

मग तू गाडी आणून लावलीस आणि मी जीव ओतून काम केलं. प्रत्येक तुकडा गरम करून तेल काढलं, साबणानं धुतलं, पुन्हा गरम केलं, तेल येईनासं होईपर्यंत. पॉलिश पेपरनं दाणा मोडला, प्लास्टिकचा प्रायमर दिला. रंग कंपनीच्या नंबरावर नाही बनवला. तुझी गाडी आपल्या उन्हात उभी राहून कंपनीच्या रंगाची राहिलेली नाही, तिचा आता स्वतःचा वांगी रंग आहे. पत्र्याच्या तुकड्यांवर फवारे मारून ते गाडीशेजारी उन्हात धरून बघितले, एकात काळ्याचा थेंब, एकात लालचा, असं करत तो रंग गाठला. काल आश्रुबाकाकांनी भोवती फेरी मारली आणि म्हणाले, "कुठं पत्रा अन् कुठं पिलास्टिक, वळखू येईना." मला येतं. प्लास्टिकवर तोच रंग केसभर वेगळा पडतो, ते कुणालाच टाळता येत नाही. पण एक गाडी दिसते, आणि कशी दिसते! नखानं, चिकटपट्टीनं, पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं, सगळं करून बघितलं. कुठं सुटत नाही. शेजारचेही येऊन बंपरवर नख ओढून बघून गेले.

आता हे फोनवर का नाही सांगितलं ते ऐक. हे पत्र तुला आईंना वाचून दाखवायचं आहे, मोठ्यानं, लातूरच्या ओळींसकट. त्यांना वाचता येत नाही आणि मला त्यांच्यापुढं एवढं सगळं बोलता येणार नाही. माझ्या पहिल्या लग्नाची मागणी आली तेव्हा मोठी माणसं आत बसली होती आणि मी बाहेर. या वेळी मागणी मी घालतेय, आणि ती तुझ्याकडे नाही, त्यांच्याकडे. नर्मदाबाई, मला तुमचा मुलगा हवा आहे. माझी शेड परभणीतच राहील, मी चुडाव्याहून रेल्वेनं जाईन-येईन, आणि संध्याकाळी घरी येईन तेव्हा माझ्या अंगाला थिनरचा वास असेल. विचार करून सांगा. परमेश्वर, रविवारी गाडी घ्यायला येऊ नकोस. मीच ती चालवत आणते, माझ्या बाजूचे वडीलधारे म्हणून आश्रुबाकाका शेजारी बसतील, त्यांनी नवीन टोपी घेतलीसुद्धा. तू अंगणात झेंडा दाखवायला उभा राहू नकोस. आत बस, बोलावलं की बाहेर ये, आणि चहाचा ट्रे नीट धर, कारण त्या दिवशी मुलगा बघायला आम्ही आलेलो असू.

तुझीच, हा शब्द आजवर कुणाला लिहिला नव्हता,
भक्ती