तीन ओळी, टोपणनावाविना

नतन्ज, १० बहमन

चि. केरामत यास तूबाताईचे आशीर्वाद. पत्रास कारण नस्तरन.

पाच महिने झाले. आपला भाऊ फरामर्ज गेला त्या दिवसापासून त्याच्या पोरीच्या तोंडून शब्द नाही. इस्फहानची डॉक्टरीणबाई म्हणते, इस्फंद सरून नौरोज येईल त्याच्या आत बोलली नाही तर तिला तिथल्या इस्पितळात ठेवून घ्यावं लागेल, किती महिने ते सांगता येत नाही. आई नाही, बाप नाही, आता घरही काढून घ्यायचं का रे तिचं?

त्या डॉक्टरीणबाईंनीच जपानी कवितांचं एक पातळ पुस्तक दिलं होतं. तीन-तीन ओळी. झाड, पाऊस, बेडूक, संपलं. रोज सकाळी मी तिला एक वाचून दाखवायचे. पुस्तक दिसलं की भिंतीकडे तोंड करणारी पोर या तीन ओळींना मान वळवायला लागली! पण पुस्तक सरलं. आता तू लिहायच्या. यमक नको, रडगाणं नको, बुलबुल नको, प्रेयसी तर नकोच. डोळ्यांनी पाहिलेलं, मन उभारी धरेल असं लिही. आणि गझलेच्या शेवटी घालतोस तसं ते ‘दिलरीश’ टोपणनाव घालायचं नाही म्हणजे नाही. तू गाडी चालवताना गझल म्हणत होतास, हात उडवत होतास, वळण चुकलं आणि तिचा बाप गेला, हे मागे बसलेल्या पोरीने पाहिलंय. तुझं नाव निघालं तरी ताट सरकवते. मी माझ्या अक्षरात उतरवून घेईन आणि बाईंचं दुसरं पुस्तक म्हणून सांगेन.

फोन करू नकोस. पायाचं प्लास्टर निघालं का ते कळव.

रागावली तरी तुझीच,
तूबाताई


यज़्द, १६ बहमन

ती. तूबाताईस केरामतचा सलाम आणि हाताचं चुंबन. वि. वि.

प्लास्टर निघालं. बाकीचं काही निघत नाही.

ताई, चाळीस वर्षं गझल लिहिणाऱ्याला तीन ओळींत काय लिही म्हणतेस, दुकानाची पाटी? दोन दिवस बसलो. दुसऱ्या ओळीला यमक आपसूक येऊन बसतं, हाकलावं तर चौथी ओळ दारात उभी! घामाघूम झालो गं. पण तिच्यासाठी तू दगड फोडायला सांगितलेस तरी फोडीन. तीन पाठवतोय, त्यातली ही त्यातल्या त्यात बरी:

भिंतीवर ऊन
मांजर सरकतं
उन्हाबरोबर

तिला माझं काही सांगू नकोस. तुझी माया आटू देऊ नकोस.

केरामत


नतन्ज, २२ बहमन

चि. केरामत यास आशीर्वाद.

बाकीच्या दोन कवितांत बर्फावर बुलबुल गातोय आणि गुलाब रडतोय? तुझ्या डोक्यात बर्फ पडलंय! ते दोन्ही कागद चुलीत घातले. पण मांजराचं वाचलं आणि नस्तरन उठून अंगणात गेली. भिंतीशी बराच वेळ उभी होती. परत आली तेव्हा ओठ हलल्यासारखे वाटले. मी पाठमोरी होऊन रडून घेतलं.

तेव्हा घरात बसून लिहू नकोस. बाहेर जा, बघ, आणि मग लिही. दिवस थोडे उरलेत. बसवाल्या हैदरच्या हाती रोज एक पाठव.

तूबाताई


यज़्द, १ इस्फंद

ती. ताईस सलाम. वि. वि.

पहाटे काठी टेकत बागांकडे जातो. काल पाटात पाणी सोडलं तेव्हा चिमण्या आधी येऊन बसल्या होत्या, माळी मागून आला. इतकी वर्षं मी बागेवर लिहितोय, पण बाग बघितली नव्हती, लाज वाटली. आजची मला स्वतःला आवडली:

बदामाला फूल
बुंध्याशी अजून बर्फ
दिलरीश, बघ तरी

कशी वाटली, तिने काय केलं, सगळं लिही. वाट बघतोय.

केरामत


नतन्ज, ४ इस्फंद

केरामत,

काय करून बसलास! हैदर उशिरा आला, माझे हात पिठात, पोर समोर बसलेली. उतरवून घ्यायला सवड नव्हती, म्हणून तशीच वाचली. तिसरी ओळ तोंडातून गेली आणि मग माझ्या ध्यानात आलं. नस्तरनने कागद हातातून ओढून घेतला, खोलीत गेली, आतून कडी घातली. दोन दिवस झाले, दाराशी ठेवलेलं सूप तसंच थंड होतंय, पाणी आणि पोळीचा कोर तेवढा आत जातो. हे कळवलं, तर नौरोजची वाट न बघता पुढल्या गुरुवारीच डॉक्टरीणबाई गाडी घेऊन येतायत. आता मी त्यांना काय सांगू?

तूबाताई


यज़्द, ७ इस्फंद

ती. ताईस,

पत्र वाचेपर्यंत मला पत्ताच नव्हता. शेवटच्या ओळीत हात आपला नाव लिहून मोकळा होतो गं, चाळीस वर्षांची खोड. त्या हाताचं काय करू?

यापुढे एक ओळ लिहिणार नाही. तिला इतकंच सांग: त्या दिवशी गाडीत कुणी काही म्हटलं नव्हतं. मीच आपणहून गझल सुरू केली, मीच चाक सोडलं. पोलिसांना हेच सांगितलं, देवालाही हेच सांगेन. दोष सगळा माझा. तिने मला माफ करू नये, फक्त जेवावं.

तुझा अपराधी,
केरामत


नतन्ज, ११ इस्फंद

चि. केरामत यास अनेक आशीर्वाद.

माझी अक्कल चालेना, म्हणून तुझं पत्र तसंच दाराखालून आत सरकवलं. थोड्या वेळाने कडी निघाली. नस्तरन स्वयंपाकघरात आली आणि ठणकावून म्हणाली की केरामतकाका खोटं बोलतोय. बोलली रे, बोलली! माझ्या हातातला डाव खाली पडला. पुढचं मीच लिहिते, असं ती म्हणते.

ता. क.

केरामतकाकांस सलाम.

गझल तुम्ही आपणहून म्हटली नव्हती. बाबा डुलक्या घेत होते, तुम्ही गप्प होतात. मीच मागून म्हटलं, काका, एक म्हणा ना, हात करून म्हणा, कवींच्या मजलिशीत म्हणता तशी. तुम्हाला सगळं आठवतंय आणि तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत.

आत्याला वाटलं मी तुमच्यावर रागावले आहे. तुमचं नाव निघालं की आता कुणीतरी खरं सांगणार, म्हणून घास उतरत नसे. मी तोंड उघडलं आणि बाबा गेले, म्हणून परत उघडायचंच नाही असं ठरवलं होतं.

मला इस्फहानला जायचं नाही. गुरुवारी डॉक्टरीणबाई येतील, त्यांना हे सगळं सांगायचंय. एकटीला भीती वाटते. बुधवारच्या बसने या आणि माझ्या शेजारी बसा.

तुमची,
नस्तरन