डोळे मिटून ओळख

गंगापूर रोड, नाशिक
१२ मे २०२५

प्रिय अंजलीस,
अनेक आशीर्वाद.

तुम्हा तिघांचे कुशल असेल असे लिहून पुढे जाण्याचा प्रघात आहे. या पत्रात मी तसे गृहीत धरत नाही, विचारतो. तुझी प्रकृती कशी आहे?

माझा परतीचा प्रवास ठीक झाला. माझ्या गैरहजेरीत कमळाबाईंनी घर स्वच्छ ठेवले होते. मात्र गेल्या आठवड्यापासून काकांचे, म्हणजे माझे, डोके फिरले आहे असे त्यांचे मत झाले आहे. त्याचे कारण शेवटी लिहितो. ऊन कडक आहे. तुझ्या आईने मागच्या अंगणात लावलेला मोगरा यंदा भरभरून आला आहे. सकाळी दार उघडले की वास थेट ओट्यापर्यंत येतो. परवा व्हिडिओ कॉलवर त्या फुलांची परडी तुला दाखवली, तेव्हा तू म्हणालीस, "बाबा, इथपर्यंत वास आला बरं का!" मी हसलो. फोन ठेवल्यावर मात्र परडी मांडीवर घेऊन एकेक फूल नाकाशी धरत राहिलो.

जे फोनवर बोलता येत नाही ते लिहितो आहे. फोनवर तू विषय फार चपळाईने बदलतेस, आणि ललितराव बहुधा शेजारीच असतात. मुद्द्यावर येण्याआधी मला ती बाग पुन्हा एकदा फिरावी लागेल. तेवढा धीर धर.

सिसिंगहर्स्टच्या त्या इंग्रजी बागेत मला नेलेस, त्याबद्दल तुझे आभार मी तिथे नीट मानले नाहीत. तुझी आई साधना मखमलाबादच्या फुलशेतीतली, गुलाबाच्या सरींमध्ये वाढलेली. कॉलेजच्या वाचनालयातल्या एका जुन्या मासिकात तिने तिथला विटांचा तो मनोरा आणि त्याच्या पायाशी पसरलेले ताटवे पाहिले होते. पुढे आयुष्यभर आमच्या घरी कोणत्याही सुंदर गोष्टीची तुलना त्या न पाहिलेल्या बागेशी होत असे.

तुला तिने फुले डोळ्यांनी शिकवलीच नाहीत. एक तळहात तुझ्या डोळ्यांवर, दुसऱ्या हातातले फूल तुझ्या नाकाशी. "डोळे मीट. ओळख." शाळेत जाण्यापूर्वीच तू जाई आणि जुई वेगळ्या सांगत होतीस, मला ते आजही साधत नाही.

म्हणूनच बागेत तू प्रत्येक झाडावर फोन रोखून ॲपला नाव विचारत होतीस, याचे मला प्रथम नवल वाटले. पण खेळ रंगला. मी फुलांच्या पुस्तकात शोधत होतो, तू ॲपमध्ये, आणि रोशनी दोघांना गुण देत होती. लिंडनच्या रांगांखाली ॲनिमोन, निळी मस्कारी, फिकट पिवळे प्रिमरोझ. हेझलच्या झाडांखाली हिरवट-पिवळी युफॉर्बिया पाहून मी म्हणालो, "हे तर आपल्या कुंपणावरच्या शेराचे चुलत भावंड!" तू टाळी वाजवलीस. "रोशू, आजोबांना दोन गुण. ॲप अजून गोल गोल फिरतंय." साधना गेल्यानंतर मी इतका मोकळा हसलो नव्हतो, हे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

मग तू त्या बाकावर डबा उघडलास.

बाकालगत फ्रिटिलारियाची रोपे होती. उंच दांड्यावर नारिंगी घंटा खाली माना घालून लटकलेल्या, आणि वर हिरव्या पानांचा तुरा. त्याला मराठी नाव नाही. मी मनाशी राजमुकुट म्हटले. फूल देखणे, आणि दर्प असह्य.

रोशनी नाक धरून ओरडली, "ई! आई, इथे बोक्याने शू केलीय!"

ललितराव म्हणाले, "मॅडम, दुसरं बाकडं बघा. इथे तुमची थालीपीठं घशाखाली उतरायची नाहीत."

तू आधी रोशनीच्या तोंडाकडे पाहिलेस. मग ललितरावांच्या. मग माझ्या. आणि त्यानंतर नाक धरलेस. "शी, खरंच की!"

तो क्रम मी पाहिला, अंजली.

परतताना भिंतीलगत व्हायबर्नमचे झुडूप होते. पांढऱ्या गुच्छांना लवंगेचा गोड वास, वळणाच्या अलीकडूनच जाणवणारा. मी काही न बोलता तुझ्या डोळ्यांवर तळहात ठेवला आणि म्हणालो, "डोळे मीट. ओळख." तू ताठ उभी राहिलीस.

"बाबा, नका ना. मी काय आता लहान आहे?"

"एकदाच."

"चला, उशीर होतोय. ॲपला विचारू." आणि माझा हात दूर करून तू फोन काढलास.

गाडीत तू अखंड बोलत होतीस. विमानतळावर मी बोलायला तोंड उघडले, तर तू म्हणालीस, "आज आईचं काही काढू नका, मला रडू येईल." मी पासपोर्ट तपासत राहिलो.

आता आईचेच काढतो. तू तिच्या शेवटच्या महिन्यात आलीस. त्याआधीचे तुला ठाऊक नाही. एका संध्याकाळी मी आणलेला गजरा हातात घेऊन ती म्हणाली, "आज कागदाचा आणलात वाटतं?" आम्ही दोघेही हसलो. पुढे एकदा दूध करपून पातेले काळे झाले, धूर झाला, आणि ती ओट्याला टेकून शांतपणे वर्तमानपत्र वाचत होती. सर्दी समजून वाफारे झाले, काढे झाले. गाठ कपाळामागे होती, वासाच्या नसेवर. ती सापडली तोवर फार वाढली होती.

येथे आल्यावर मी तिच्या डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले की अशी गाठ सहसा आईकडून मुलीकडे जात नाही, आणि वास जाण्याची साधी कारणेही पुष्कळ असतात. पण ते असेही म्हणाले, "तपासणी मात्र करून घ्यायला सांगा. थांबू नका." कोविडनंतर असे झाले असे तू म्हणशील. तसेच असो. पण ते मला डॉक्टरांच्या तोंडून कळू दे, तुझ्या नव्हे.

तू माझ्यापासून लपवलेस, यात मला जपण्याचाच हेतू होता. ललितरावांपासून का लपवतेस ते मला कळत नाही. बहुधा मोठ्याने बोललीस की ते खरे होईल, असे तुला वाटते. मलाही हे पत्र लिहिताना तसेच वाटत होते.

आता कमळाबाईंच्या तक्रारीविषयी. ज्या कागदांवर हे लिहितो आहे, ते आठवडाभर तुझ्या आईच्या हिंगाच्या डब्यात, खड्यांखाली होते. "काका, आता कागदाला फोडणी द्यायची का?" असे त्यांनी विचारले. केर काढतानाही त्या नाकाला पदर लावतात. पत्र प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाठवतो आहे, म्हणजे वास वाटेत उडणार नाही.

पाकीट फोडताच तो तुझ्या घरभर पसरला असेल. पहिली ओळ वाचण्याआधीच तो तुला आला असेल, तर हा एका म्हाताऱ्याचा भ्रम समजून पत्र फाडून टाक आणि फोन करून मला मनसोक्त हस. मी आनंदाने ऐकून घेईन.

तो वास या ओळीपाशी येऊन, वाचूनच तुला कळला असेल, तर कागद खाली ठेवू नकोस. तसाच घेऊन ऊठ. ललितरावांसमोर धर आणि विचार, "याला कसला वास येतोय?"

तेवढेच विचार. बाकीचे तुला सांगावे लागणार नाही.

तुझ्या हसण्याची वाट पाहत,
बाबा