मीराची जोडवी

मंगळवार, मुरुड

आज धाकट्या भावाचा दहावा झाला. दुपारी बायकांनी त्याच्या बायकोची, मीराची, जोडवी काढायला घेतली. बसून बसून तिचे पाय सुजलेत. डाव्या पायातलं काही केल्या निघेना. चुलती म्हणाली, "सुमन, जरा खोबरेल आण गं."

आणि मी उठले. का उठले? वर्गात मुलींपुढे असल्या चालींविरुद्ध बोलणारी बाई मी, गुमान स्वयंपाकघरात गेले. थंडीनं तेल गोठलं होतं. गरम पाण्यात बाटली धरून मी ते वितळेपर्यंत उभी राहिले. नको म्हणायला तेवढा वेळ पुष्कळ होता.

तेल लावल्यावर जोडवं निघालं. मीरा रडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही तरी न्हाई म्हणताल वाटलं होतं."

तेल तर मीच वितळवलं.

संध्याकाळी तिचं बोट सोललेलं दिसलं. तिथं लावायला तेच खोबरेल घेऊन गेले. तिनं पाय हळूच साडीखाली ओढून घेतला.