शेअरच्या कागदावरची सही

मी, पाट्या रंगवणारा पेंटर, वय अठ्ठ्याहत्तर, बायको वारलेली, मूलबाळ नाही, पूर्ण शुद्धीवर हे मृत्युपत्र करत आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव आणायला कुणी उरलेलेही नाही. डॉक्टरांनी थोडेच महिने सांगितलेत. हात कापतो, म्हणून मजकूर शेजारचे कंपाउंडर लिहून घेत आहेत.

१. राहती खोली सामानासकट माझ्या पुतणीला द्यावी. माळ्यावरचे रंगाचे डबे वाळून दगड झालेत, ते फेकावेत.

२. ब्रश आणि शिडी कोपऱ्यावरच्या सुताराला. शिडी त्याने दोनदा न विचारता नेली होती. आता विचारायची गरज नाही.

३. लोखंडी पेटीत एका सिमेंट कंपनीच्या दोनशे शेअरची कागदी सर्टिफिकिटे आहेत. वडिलांच्या मागे आलेल्या पैशांतून मी आणि धाकट्या भावाने ती जोडनावावर घेतली. अर्जावर मी पाटी रंगवावी तशी सही केली, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट आणि खाली दोन ठिपके. दादा, दुकान उघडतोस काय, म्हणून धाकटा हसला होता.

दुकान पुढे त्यानेच उघडले, शिंप्याचे. पाटी मात्र छापील प्लास्टिकची लावली. सख्खा भाऊ पेंटर असताना! ते माझ्या फार जिव्हारी लागले. वर्षभरात भावजय आजारी पडली. ऑपरेशनसाठी शेअर विकायचे, तर फॉर्मवर दोघांच्याही सह्या लागतात. धाकटा फॉर्म घेऊन माझ्या दारात आला.

"दादा, सही कर. तिच्याकडे वेळ नाही."

"छापून घे," मी म्हणालो.

दोन महिन्यांत भावजय गेली. याला बारा वर्षे झाली, धाकटा माझ्याशी बोललेला नाही. मी नीचपणा केला. कंपाउंडर हा शब्द बदलू या म्हणाले, मी बदलू दिला नाही.

४. आता धाकट्याचे डोळे चाललेत, सुईत दोरा जात नाही. इलाज आहे, पण महाग. पुतणीने फॉर्म आणला, मी तीनदा सही केली. तिन्ही वेळा परत आला, सही जुळत नाही म्हणून. बँकेकडून सही खरी असल्याचा शिक्का आणा म्हणाले, तर बँकेतही तीच जुनी शेपटीची सही. आजोबा, ही तुमचीच कशावरून, असे तिथल्या साहेबांनी विचारले. गावभर पाट्या रंगवल्या आणि आता स्वतःचे नाव लिहिता येत नाही, याची फार लाज वाटते.

५. वकील म्हणाले, जोडनावाचे शेअर मृत्युपत्राने देता येत नाहीत. एक गेला की ते मागे राहिलेल्याचे होतात, त्याला मेलेल्याचा दाखला पुरतो. त्या दाखल्यावर माझी सही लागत नाही. म्हणून मी गेल्यावर पुतणीने रडत बसू नये. दाखला हातात पडताच सर्टिफिकिटांसह कंपनीकडे पाठवावा. डोळे थांबणार नाहीत. धाकट्याची माझ्या वतीने माफी मागू नये. त्याने कागद घेतले तरी पुरे.

६. माझ्या नावाची पाटी कुठेही लावू नये. लावलीच, तर छापील लावावी.

ठिकाण: राहती खोली
दिनांक: ९ जानेवारी २०१७
सही: पेंटर

साक्षीदार १: शेजारचे कंपाउंडर, मजकूर लिहून घेणारे.

साक्षीदार २: उपचार करणारे डॉक्टर. पेंटर यांना सही करायला बराच वेळ लागला. वाकडी आहे, शेपूट अर्ध्यावर राहिले आहे, पण सही यांचीच आहे. मी समोर बसून पाहिली.