अर्धा श्वास उशीर

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
२ मार्च २०२५

चि. गोकुळ यास,
अ. उ. आ.

आजच्या पेपरातलं माझं परीक्षण कापून सोबत पाठवते आहे. पिशोरला चार लोक तुला तोंडी सांगतील आणि त्यात मीठमसाला घालतील, म्हणून मूळ मजकूर हाती असलेला बरा.

‘वैजापूरची वरात’ या चित्रपटाच्या पहिल्या भागात वरात वाट चुकली, ती गंमत होती. दुसऱ्या भागात तीच वरात त्याच फाट्यावर पुन्हा चुकते. पुण्याच्या एका पेपराने ‘सहकुटुंब पाहावा’ म्हटलं आहे, मुंबईच्या एकाने पहिल्याची झेरॉक्स म्हटलं आहे. मी झेरॉक्स म्हणणाऱ्याच्या बाजूची.

आता तुझं. पहिल्या भागात नवरदेवाचा रुसलेला चुलता म्हणून तू दोनच प्रसंगांत होतास आणि लोकांनी तुलाच लक्षात ठेवलं. या वेळी काम मोठं मिळालं आणि तू ते वाया घालवलंस. ‘चुलत्याला यंदा रुसायचाही कंटाळा आलेला दिसतो. समोरच्याचं वाक्य संपून अर्धा श्वास उलटला की हे गृहस्थ जागे होतात, आणि नजर भलतीकडेच,’ असं मी लिहिलं आहे. आपली आडनावं वेगळी असल्याने वाचकांना नातं ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, म्हणूनच ही दोन वाक्यं जरा जास्त कडक लिहिली. घरच्या माणसाला सूट दिली असं माझं मलाही वाटायला नको.

एका चित्रपटाच्या टाळ्यांनी माणूस इतका सुस्त होतो का? वर्षभर फोनही उचलत नाहीस. दर वेळी तुझी नात सायलीच ‘आबा शेतात गेलेत’ म्हणते. पत्राचाच हट्ट धरला आहेस, तर पत्राने उत्तर दे.

रागावलास तरी जेवणावर राग काढू नकोस.

तुझी अक्का,
सुरेखा


पिशोर
६ मार्च २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

कात्रण मिळालं. त्याआधीच रामकिसनच्या सलूनमध्ये त्याचं जाहीर वाचन झालं होतं. एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून रामकिसननं सगळं वाचलं आणि म्हणाला, ह्या बाईच्या घरात कधी कुणी रुसलंच नसंल, नायतर असं लिहिलं नसतं. तू माझी बहीण आहेस हे मी त्याला सांगितलं नाही. पुढच्या वेळी माझीच दाढी अर्धी राहायची.

तू लिहिलेला उशीर खरा आहे. मला वाटलं होतं, कुणाच्या ध्यानात येणार नाही. तुझ्या येईल हे मात्र समजायला पाहिजे होतं. लहानपणी मी पाठ म्हणताना कुठं थांबलो, कुठं अडखळलो, ते तूच धरायचीस.

दिग्दर्शक अफजल सर भला पोरगा आहे. दिवाळीनंतर तिसरा भाग करायचा म्हणतोय. बघू, काय होतं ते.

इथं सगळं ठीक. कांदा काढायला आलाय, मजूर मिळत नाहीत. तुझ्या गुडघ्याचं काय ते लिही. मी रागावलेलो नाही.

तुझा,
गोकुळ


पिशोर
७ मार्च २०२५

ती. आत्याआजीस,
सायलीचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही मधेच बोलता आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहितेय. आबांना हे कळू देऊ नका.

आबांना ऐकू येत नाही. दीड वर्ष झालं. आधी डावा कान गेला, आता उजव्यातही जवळजवळ काही नाही. शेतात गेलेत असं मी तुम्हाला सांगायचे तेव्हा ते माझ्यासमोर बसलेले असायचे. तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. अक्का लगेच डॉक्टरकडं ओढत नेईल, म्हणायचे. डॉक्टरांकडं आम्ही जाऊन आलो. यंत्र लावलं की नुसता गलका ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. कोण काय बोललं ते मी वहीत लिहून दाखवते, सलूनमधलंसुद्धा.

शूटिंगला मी कॅमेऱ्यामागं उभी राहायचे. समोरच्याचं वाक्य संपलं की रुमाल हलवायचे, मग आबा बोलायचे. तोच तुमचा अर्धा श्वास. आणि नजर भलतीकडं नव्हती, माझ्याकडं होती. अफजल सरांना वाटायचं, नातीचा लळा आहे म्हणून आजोबा तिला सोबत आणतात.

तुमचं कात्रण त्यांनी चष्म्याच्या घरात घडी करून ठेवलंय. मला ते पाहवत नाही, म्हणून सांगितलं. उद्धटपणा वाटला तर माफ करा.

आपली नात,
सायली


पिशोर
१३ मार्च २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं कार्ड आलं. सायलीनं कबूल केलं. तिला बोललो नाही, तूही बोलू नकोस.

येत्या रविवारी दुरुस्ती छापते म्हणतेस, माफी मागते म्हणतेस. छापू नको. छापलीस तर कारण लिहावं लागंल. लोकांना मी आळशी वाटलो तर चालंल, बहिरा वाटायला नको. आळशाला पुन्हा एखादा तरी बोलावतो.

तिसऱ्या भागाचं परवा कळलं. अफजल सरांनी सायलीला फोन केला होता. त्यात चुलता वारलेला दाखवणार, भिंतीवर हार घातलेला माझा फोटो असंल. पेपरातही उशिराचं आलंय, निर्माते ऐकत नाहीत, असं म्हणाला बिचारा. रामकिसन म्हणतो, फोटोला उशीर होत नसतो, बेस काम आहे. मी हसलो. तुझ्यामुळं काम गेलं असं मानू नकोस. उशीर माझाच होता.

एक गोष्ट तेवढी मनात राहिली. पहिल्या दिवशी शहरात आम्हा कलाकारांना घेऊन खेळ झाला. सगळं थेटर भरलेलं. अंधारात तोंडं दिसत नव्हती आणि मला ऐकू काहीच येत नव्हतं. सायली म्हणते, लई हसले. पण ती घरची. म्हणून मी रविवारच्या तुझ्या पेपरची वाट बघत होतो. माणसं हसली का नाही ते तू खरं लिहिशील असं वाटलं. तू तेवढंच लिहिलं नाहीस.

लोभ असू दे.

तुझा,
गोकुळ


पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
१८ मार्च २०२५

चि. गोकुळ यास,
अ. उ. आ.

तू म्हणतोस तसं. छापत नाही. माझी चूक छापलेलीच राहील आणि ती मला रोज दिसेल, तेवढी शिक्षा मला असू दे. रविवारचं सदर मात्र मी बंद केलं. संपादकांना प्रकृतीचं कारण दिलं.

परीक्षण लिहिण्याआधी मी पाहिला तो पत्रकारांचा खेळ होता. तिथं आम्ही अकरा जण वह्या घेऊन बसतो आणि कुणी हसत नाही. म्हणून आज सकाळी अकराच्या खेळाला तिकीट काढून गेले. दिवसातून आता एवढा एकच खेळ उरला आहे. बत्तीस माणसं होती. मी मागच्या रांगेत बसले आणि पडद्याकडे कमी, माणसांकडे जास्त पाहिलं.

तुझ्यावर लोक नऊ वेळा हसले. दोन ठिकाणी हसायला हवं होतं तिथं हसले नाहीत, हेही सांगते: मानपानाचं भांडण आणि जीप ढकलण्याचा प्रसंग. तिथं उशिराने खरंच नुकसान केलं. पण विहीणबाई चहा घेता का विचारतात, तू गप्प राहतोस आणि मग ‘नको’ म्हणतोस, तिथं लोक तुझ्या ‘नको’वर हसले नाहीत. त्याआधीच्या गप्प राहण्यावरच हसू फुटलं. असं तीनदा झालं. ज्याला मी दोष म्हटलं तेच त्यांना आवडलं होतं. पस्तीस वर्षं मुलांना नाटक शिकवून मला ते दिसलं नाही.

शेवटी तू मांडवाच्या दारात रुसून बसतोस. कुणी समजूत काढायला येईल म्हणून कॅमेऱ्याच्या पलीकडे बघत राहतोस. माझ्या पुढच्या रांगेतली एक बाई हसता हसता नवऱ्याच्या खांद्यावर पडली. तिच्या पलीकडे एक तरुण मुलगा टाळ्या वाजवत होता. मी हसले नाही. तू कुणाकडे बघतो आहेस, ते त्या बत्तीस जणांत मला एकटीलाच माहीत होतं.

लोभ माझाही आहे. तो दाखवायला मला उशीर झाला. तुझा कमी करू नकोस.

तुझी अक्का,
सुरेखा